पहिला रविवार

५ जुलै १९८१, रविवार

आजही नाही!

नंदनवनला सासरच्या दारात दहा वाजल्यापासून उभी. सासूबाई — रंभाबाई — ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोट्टी मामाकडं गेली." कोणता मामा? माझ्या उत्पलाला एकच मामा आहे आणि तो सायकल धरून माझ्या मागेच उभा होता! मी म्हटलं, "हा काय, मामा इथं आहे." तर म्हणतात, "मंग दुसऱ्या मामाकडं गेली असंल."

कोर्टाचा हुकूम पर्समध्ये घेऊन फिरते. दर महिन्याचा पहिला रविवार, दहा ते पाच, मुलगी आईकडे द्यावी. माझी टेलिफोन एक्स्चेंजची रात्रपाळी, म्हणून पोर बापाकडे ठेवली — ठीक आहे, रडले, गप्प बसले. पण रविवार तर माझा आहे ना? गेल्या नोव्हेंबरपासून तोंड पाहिलं नाही लेकराचं. सात वर्षांची झाली तीही माझ्याशिवाय. हुकूम दाखवला की रंभाबाई म्हणतात, "त्या कागदात भाजी बांधून ने वं."

ताराचंद घरात होता. चप्पल दिसली. बाहेर आला नाही.

आजपासून या वहीत नवऱ्याला 'ते' लिहिणार नाही. तो! तो, तो, तो! बरं वाटलं.

९ जुलै

किती मूर्ख मी! किती!

कोर्टाच्या आवारात मोफत कायदा सल्ला देतात, असं एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीने सांगितलं. गेले. तिथे प्रमोदिनीताई वकील — माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठ्या, टेबलाचा एक पाय विटेवर. सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "हुकूम मिळवलात, पण तो बजावून कुठे घेतलात?" हुकूम मोडला म्हणून कोर्टात पुन्हा अर्ज करता येतो! मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, तुरुंगसुद्धा होऊ शकतो! आणि मी आठ महिने दूधवाल्यासारखी दारात उभी. आमचे आधीचे वकील मनोहरराव नुसतं म्हणायचे, "सामोपचारानं घ्या बाई."

अर्जावर सही करून आले. सही वाकडी आली. आनंदानेच!

२ ऑगस्ट

दाराला बाहेरून कुलूप. आत रेडिओ चालू.

२८ सप्टेंबर

पेशी होती. ताराचंदने शपथेवर लिहून दिलं — उत्पलाला नरखेडला तिच्या आत्याकडे ठेवलं आहे, तिथेच शाळेत घातलं आहे, दिवाळीपर्यंत नागपूरला येणार नाही, मग भेट कशी देणार? जजसाहेबांनी पुढची तारीख १६ ऑक्टोबर दिली. प्रमोदिनीताईंचाही चेहरा पडला. "खोटं असेल, पण दाखवायचं कसं?"

सायकलवर परत निघाले, रडतच. लिबर्टीच्या चौकात अचानक ब्रेक दाबला. मागचा रिक्षावाला शिव्या देऊन गेला. देऊ दे!

दिवाळीपर्यंत? मध्ये अशोक विजयादशमी आहे ना!

सायकल वळवली, धापा टाकत परत कोर्टात. ताईंना म्हटलं, आठ तारखेला उत्पला दीक्षाभूमीवर असणार. असणारच. त्यांना कळेना. "इतकं नक्की कसं सांगता?" म्हटलं, "ताई, तुम्ही लक्ष्मीपूजनाला लेकराला परगावी ठेवाल का?" आणि रंभाबाई तर छप्पन साली सहा वर्षांच्या ताराचंदला खांद्यावर घेऊन बाबासाहेबांसमोर दीक्षेला उभी राहिलेली बाई! खोटी शपथ घ्यायला लावेल, पण नातीला त्या दिवशी घरी ठेवणार नाही. हे तिच्या डोक्यातसुद्धा येणार नाही.

ताई हसल्या. "मग मीपण येते."

७ ऑक्टोबर

पांढरी साडी इस्त्री केली. दोनदा. आई म्हणते, "पोरी, जेवून तर घे वं." मी तिसऱ्यांदा इस्त्री तापत ठेवली.

८ ऑक्टोबर

पाहिलं! पाहिलं! पाहिलं!!

नीट लिहिते. गर्दी एवढी की पाय टेकवायला जागा नाही. ट्रकांवरून, पायी, कुठून कुठून माणसं, पांढरंच पांढरं. प्रमोदिनीताई पहिल्यांदाच आलेल्या, माझा पदर धरून चालत होत्या — कोर्टात सिंहीण, इथे हरवायची भीती! त्यांनी आधीच बजावलं होतं, "दिसली तरी हात लावायचा नाही. ओढून नेलीत तर केस गेली." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

त्यांच्या वस्तीचं भोजनदान दरवर्षी एकाच कोपऱ्यात असतं. मांडव, मोठी गंजं, आणि वाढायला देवरावजी, ताराचंदचे शेजारी. त्यांच्या पायाशी माझी उत्पला! पांढरा फ्रॉक, निळी रिबीन. पुढचे दोन दात पडलेत. पत्रावळी मोजून मोजून लोकांना देत होती. केवढी उंच झाली! मला हुंदकाच आला.

तिने पाहिलं. "आई!" एवढ्या गर्दीत तेवढंच ऐकू आलं मला. "आई, तू कोठी गेली होती?"

चार पावलांवर होती. ताईंनी माझा दंड इतका दाबला की आता काळानिळा झालाय. रंभाबाई धावत आल्या, पोरीला मागे ओढलं. माझ्याकडे पाहिलं. मग ताईंच्या काळ्या कोटाकडे. (तो गर्मीत कशाला घातला म्हणून मी सकाळी हसले होते!) तोंड एकदम उतरलं बाईचं.

ताईंनी शांतपणे देवरावजींना विचारलं, "ही मुलगी कोण?" ते म्हणाले, "आमच्या ताराचंदची पोट्टी. काहून?"

९ ऑक्टोबर

आता भीती. ताई माझ्या वकील, त्या साक्ष देऊ शकत नाहीत. देवरावजी पाहिजेत. पण ते त्यांच्या वस्तीचे, रोज ताराचंदसोबत चहा पिणारे. माझ्यासाठी कोर्टात कशाला येतील?

१२ ऑक्टोबर

देवरावजींच्या घरी गेले. त्यांची बायको म्हणाली, "वस्तीत राहाचं हाय आपल्याले." मी उठले. तेव्हा देवरावजी म्हणाले, "थांब पोरी. मी कोणाच्या बाजूनं बोलनार नाही. पन रोज सकाळी पंचशील म्हनतो मी. खोटं बोलनार नाही म्हनतो. साहेबानं इचारलं तं पाहिलं ते सांगीन, बस."

बस म्हणे! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. जय भीम म्हणून पळत सुटले.

१६ ऑक्टोबर

देवरावजी पिंजऱ्यात उभे राहिले आणि पाहिलं ते सांगितलं. एक शब्द जास्त नाही. ताराचंद खाली बघत होता. साहेबांनी त्याला विचारलं, "तुमचं नरखेड दीक्षाभूमीवर केव्हा आलं?" सगळं कोर्ट हसलं. मी सगळ्यांत मोठ्याने!

एक तारखेची भेट कोर्टाच्या बेलिफासमोर. आणि पोर कोणाकडे ठेवायची, हेही साहेब पुन्हा बघणार!

१ नोव्हेंबर

दहा ते पाच!!! महाराजबागेत वाघ, मग आमच्या घरी, मग मांडीवर झोप. म्हणते, "आजी सांगे, तू फोनात राहाते." हसून हसून डोळ्यांत पाणी. आज बाकी काही लिहीत नाही.

११ डिसेंबर

जिंकलो!

एक्स्चेंजच्या सुपरवायझरबाईंनी मला दिवसपाळी दिली, तो कागद लावला. साहेबांनी उत्पलाला आपल्या खोलीत बोलावून विचारलं. मग निकाल — पुढचा हुकूम होईपर्यंत मुलगी आईकडे. बापाला पहिला रविवार, दहा ते पाच.

पेढे! आईने आमच्या अख्ख्या इंदोऱ्यात वाटले. प्रमोदिनीताई पेढा खाताना म्हणाल्या, "साहेबांनी कुठे राहायचं विचारलं, तर ती 'दोन्हीकडं' म्हणाली हो." मी म्हटलं, लहान आहे, काहीही बोलते. मी त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

आवारात रंभाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी बघितलं नाही. कशाला बघू?

२० डिसेंबर

शाळेत नाव घातलं. नवं दप्तर. वेणी घालताना एक मिनिट गप्प बसत नाही. रात्री माझ्या पोटावर पाय टाकून झोपते. एवढं सुख सोसवत नाही! मध्येच उठून कडी लागली आहे ना, पाहून येते.

१ जानेवारी १९८२

विचारत होती, "बाबा रविवारी येईन ना?" हो म्हटलं. फ्रॉक तिनेच काढून ठेवला.

३ जानेवारी, रविवार

दहाला ताराचंद आला. मी दार उघडलं नाही. आतूनच सांगितलं, उत्पला घरी नाही. "बरं," म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मीही दाराआड उभी होते, लेकराच्या तोंडावर हात दाबून.