ह्यांचं चालणं

ता. ४ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि., पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि कान तिकडे स्टुडिओत ठेवतोस. कागद निदान वाचावा तरी लागतो.

तू पाठवलेल्या लॅपटॉपने आणि त्यातल्या त्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरने माझं डोकं उठवलंय. बटणांचा नुसता बाजार! काल एक दाबलं, तर बाहुल्याचा हात खांद्यातून निखळून पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तो परत कसा आणायचा हे सांगणारा व्हिडिओतला तुझा मास्तर मागे कुत्रं लागल्यासारखा बोलतो. आणि पहिला धडा काय, तर चेंडू उडवा! साठीला टेकलेल्या बाईने चेंडू उडवत बसायचं? मी तो धडाच सोडून दिला.

मला काय करायचंय ते तुला माहीत आहे. ह्यांचं चालणं मला त्यात उतरवायचंय. फोटो आहेत, पण सगळे बसलेले. शेवटी शेवटी तर कुणी मोबाइल पुढे केला की हे आधी खुर्ची गाठायचे. चालतानाचा एकही व्हिडिओ नाही. परवा डोळे मिटून ह्यांना स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणायला गेले, तर मध्येच पुसट झाले. घाबरले रे मी. नात जेमतेम चार वर्षांची. माझ्या डोक्यातून गेलं की संपलं, तिच्याकडे काय उरणार?

रडतखडत काही पावलं जमवली आहेत. तू सांगितलंस तसं सगळं पेनड्राइव्हवरच ठेवलं, कारण म्हणे हा लॅपटॉप कधी मान टाकेल नेम नाही. तोच सोबत पाठवते आहे. बाहुल्याचे पाय जमिनीवरून घसरतात, तेवढं थांबवून दे.

लोभ आहेच, उत्तराला उशीर केलास तर त्यात कपात होईल.
तुझी ताई

ता. १५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि., तुझं पत्र वाचून हसलो आणि फाइल उघडून संतापलो. ताई, चेंडूचा धडा उगाच पहिला नसतो! वजन कसं पडतं ते त्यातूनच कळतं. इथली नवी पोरंही हेच करतात. धडा गाळायचा आणि मग सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडायची.

पाय घसरत होते ते थांबवलं. पण खरा घोळ वेगळाच होता. उजवा पाय मागेच राहत होता, खांदा एका बाजूला कलत होता, आणि मध्येच बाहुला थबकत होता. नवशिक्यांचं नेहमीचंच आहे हे. एका पायाकडे नीट लक्ष देतात, दुसऱ्याच्या वेळी कंटाळतात. मी डाव्या पायाची चाल उचलून उजव्याला दिली आणि मधलं थबकणं काढून टाकलं. आता बघ भाऊजी कसे ताठ, झपझप चालतात! तुझा दोन फायलींत गोंधळ नको, म्हणून त्याच फाइलवर सेव्ह केलंय; पेनड्राइव्ह सोबत परत पाठवतोय.

साहेब मानगुटीवर बसलाय, आटोपतो. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा ढब्बू

ता. २३ जून

ढब्बूस,
आशीर्वाद आज नाहीत.

तुला कुणी सांगितला होता रे हा शहाणपणा? पाय घसरतात म्हणाले होते, चाल बदल म्हणाले होते का? ते थबकणं चूक नव्हती. ते हे होते! आजारपणानंतर ह्यांचा उजवा पाय असाच मागे राहायचा. दोन पावलं टाकायची, थांबायचं, पाय ओढून घ्यायचा, की पुढे. हे उठायला लागले की नात आधी धावत जाऊन वाटेतलं स्टूल बाजूला ओढायची, मग हे निघायचे. तो थांबा बसवायला माझा सबंध आठवडा गेला, आणि तू केर काढावा तसा तो काढलास.

तुला कळणार तरी कसं? आजारपणात तू आला नाहीस. काम, काम आणि काम! आलास ते हे गेल्यावर. निजवलेल्या माणसाचा पाय कुणाला दिसतो?

नातीला ते दाखवलं. तिने विचारलं, हे काका कोण. त्याहून वाईट सांगू? मला ते चालणं आवडलं. लग्नानंतरचे हे, अगदी तसेच. पुन्हा पुन्हा बघत बसले, आणि आता डोळे मिटले की तेच पुढे येतात. फाइल तर घालवलीसच, आता माझ्या डोक्यातलंही घालवायला निघालास.

लोभाचं नंतर बघू.
ताई

ता. ३० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि., बोलणी पोचली. चुकलो. जुनी फाइल कुठेही उरलेली नाही, खूप शोधली.

पण आता माझंही ऐकून घे. दर फोनला मी विचारत होतो ना? दर वेळी तू ठीक आहेत, हिंडतेफिरते आहेत, हेच ऐकवलंस! पाय ओढतात हे चकार शब्दाने बोलली नाहीस. भाऊजींनी बजावलं असेल, बाहेर कुणाला सांगू नकोस म्हणून. पण मी बाहेरचा का गं? माझ्यापुढे ते अजूनही ताठच चालतात. मला दुसरे भाऊजी ठाऊकच नाहीत, आणि याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग येतोय.

तू सांगशील तसं पुन्हा करून देतो. रजा मागितली आहे, मिळाली की निघतो.

माया शिल्लक असेल तर दार उघड.
ढब्बू

ता. १४ जुलै

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि., तू काही करून द्यायची गरज नाही. तुझ्या हातात दिलं तर परत सरळ करशील. तुला सांगितलं नाही ते ह्यांच्या हट्टापायी. त्या हट्टाचा मलाही राग आहे, पण तो आता कुणावर काढू? तू सापडलास.

चेंडूचा धडा केला. मेला मास्तर बरोबर होता, वजन कळल्याशिवाय पाऊल पडत नाही. मग पहिल्यापासून बसले. डोळे मिटून काही आठवेना. म्हणून चिडून उठले आणि स्वतःच ह्यांच्यासारखी पाय ओढत स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालले. डोक्याला येत नव्हतं ते खांद्याला आठवलं. चालताना आधाराला ह्यांचा हात तिथेच तर असायचा. तो कुठे जड व्हायचा, तिथे थांबा दिला.

काल नातीला काहीही न सांगता पडद्यापुढे बसवलं. बाहुला निघाला. दोन पावलं टाकली आणि थांबला. ती उठली, खोलीत इकडेतिकडे बघितलं, आणि धावत जाऊन स्टूल वाटेतून बाजूला ओढलं.

मी ते अजून तिथून हलवलेलं नाही. रजा मिळाली की ये. भांडण दारातच होईल, चहा नंतर.

लोभ आहे तसाच आहे, रागही.
तुझी ताई