स्टिअरिंगची थरथर

ती. आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकणं कागदावरच, कंबरेची परवानगी नाही). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला आणि त्यावरून तुझं त्यांना बोलणं, दोन्ही चालू असेल असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे, काचा कापल्या जातात, मधूनमधून फुटतातही (हल्ली काचच निकृष्ट येते, आणि कापायची हिरकणीही बोथट झाली आहे). पत्राला कारण आपली पिकअप.

गेले काही महिने तिचं स्टिअरिंग थरथरत होतं. मेकॅनिकने चाकं काढून पाहिली, खालचे सांधे हलवून पाहिले आणि म्हणाला, काका, गाडीत काही दोष नाही. जन्मभर काच वाहून थकलेल्या गाडीत काहीच दोष नाही, असं म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? मी सरळ स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन स्टिअरिंग स्टॅबिलायझर मागितला. म्हणजे आडवा निजवलेला एक शॉकअब्सॉर्बर. चाकांचे हिसके तो स्वतः गिळतो, हातापर्यंत येऊ देत नाही. त्यात तेलाचा, गॅसचा, एकेरी, जोडीचा असे प्रकार निघाले. मला चप्पल घ्यायलाही दोन खेपा लागतात हे तुला ठाऊक आहे. दुकानदाराने शेवटी दुपारचं जेवण माझ्यासमोरच उरकलं. मी गॅसचा घेतला, कारण तो लाल होता.

बसवायला मेकॅनिक कशाला, माझ्या हातांना काय झालंय, म्हणून मीच गाडीखाली शिरलो. ही बाहेर स्टुलावर बसून माहितीपत्रक मोठ्याने वाचत होती. चाकं सरळ करूनच बसवा, हे वाक्य तिने वाचलं तेव्हा मी शेवटचा नट आवळत होतो (महत्त्वाची वाक्यं ही नेहमी उशिरा वाचते). परिणाम असा, की गाडी उजवीकडे छान वळे, डावीकडे म्हणून वळेना. गॅरेज नेमकं डाव्या हाताला. उजवीकडे वळत वळत अख्ख्या बाजाराला प्रदक्षिणा घालून तिथे पोहोचलो. मेकॅनिकने एक शब्द न विचारता तो काढून पुन्हा नीट बसवला. न विचारल्याचाच जास्त राग आला.

मग परीक्षा. आमच्या धंद्यात गाडीची परीक्षा एकच. मागे काचा उभ्या लावायच्या आणि कान द्यायचा. गाडी जराशी हादरली की काचा वाजायला लागतात. आधी मेकॅनिकने चालवली, एका बोटाने. मग हिने चालवली, माझ्याशी भांडत. स्टिअरिंग गरीब गाय. मग मी बसलो, आणि ते पुन्हा थरथरायला लागलं. मी रस्त्याला शिव्या घातल्या, स्टॅबिलायझर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ही मागच्या काचांकडे कान लावून बसली होती. मग इतकंच म्हणाली, "अहो, पण काचा वाजत नाहीयेत."

आक्का, मला भीती वाटली.

असो. स्टॅबिलायझर उत्तम आहे, भावोजींच्या गाडीलाही बसवून देईन. त्यांना नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. अक्षर वेडंवाकडं आलंय ते टेबल डुगडुगतं म्हणून.

आणखी एक ता. क. हिने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून पाहिली. शिरली नाही. टेबल पहिल्यापासून नीट होतं. काचही निकृष्ट नव्हती.

शेवटचा ता. क. डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय. हातात हिरकणी धरता आली नाही तर मी दिवसभर काय करायचं, ते मला सुचत नाही. मी सायकल शिकताना तू मागून सीट धरून धावायचीस, आणि कधीच सोडलेली असली तरी "धरलंय रे" म्हणून ओरडायचीस. सोमवारी ये. गाडी ही चालवेल. तू माझ्या शेजारी बस, आणि या वेळी खरोखर धर.