यानाउर्कूच्या कड्यावरचा कोंडोर

१२ मे
लिझार्दो भाऊजींची आणखी दोन कोकरं गेली. अंगणात उभे राहून ओरडत होते, "वहिनी, तुझ्या लाडक्या पाखरांचं काम हे!"
पाखरं म्हणे! पंख पसरले तर आमचं अख्खं दार झाकेल. म्हटलं, "भाऊजी, कोंडोर म्हणजे डोंगरातलं गिधाड, मेलेलंच खातो. कोकराच्या मानेवर दातांच्या खुणा आहेत. मोकाट कुत्री ती!" ऐकतील तर शपथ.

१५ मे
माळावर मेलेलं कोकरू — अंगाला कसलीशी पूड चोळलेली. शेजारी दोन मोकाट कुत्री मरून पडलेली. आणि पलीकडे गवतात कोंडोर! नर, डोक्यावर तुरा. मान लटपटत होती, चोचीतून लाळ. पण जिवंत!
अंगावरच्या लोकरी पोंचोत गुंडाळला, घोड्यावर पुढ्यात घेतला, खाली आमच्या मेंढवाड्यात आणला. जनावरांची डॉक्टरीण पामेला शहरातून धावत आली. इंजेक्शनं दिली. "उद्यापर्यंत टिकला तर जगला म्हण, देल्फिना."

१६ मे
जगला! शुद्धीवर आला आणि पहिलं काम काय — माझं बोट फोडलं. मेल्या, तुझ्यासाठी एवढं केलं!

२१ मे
मेंढवाड्याच्या दारात भाऊजी. टोपी हातात. "विष मी टाकलं होतं."
ठाऊक होतंच.   भांडले असते तर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं असतं, म्हणून झाडणं चालूच ठेवलं.
आत डोकावून म्हणाले, "खातो का काही?"
"खातो की. तुमची म्हातारी मेंढी गेली ना परवा, तीच घातली."
"बघ! शेवटी माझंच मेंढरू खाल्लंन!"
हसू आवरेना. दोघांनाही.

२ जून
सोडला! सोडला! सोडला!
सगळं गाव यानाउर्कूच्या कड्यावर. पामेलाने जाळी काढली. हा ढिम्म उभा. मागून कुणीतरी म्हणालं, "पाहुणचार सोडवत नाही वाटतं." मग खालून वारा आला. पंख उघडले — आणि कड्यावरून खालीच गेला!  पण क्षणात वर! आमच्या डोक्यांवरून, सावली माझ्या तोंडावरून सरकली. भाऊजी पोंचो फिरवत बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "जा रे राजा, जा!"
संध्याकाळी गावसभा. माळावर यापुढे विष नाही. सगळे हात वर — पहिला भाऊजींचा. मग भाजलेले कुई — घरचे गिनीपिग —, बटाटे आणि मक्याची दारू, चिचा. बासरी वाजत होती, मी नाचले. या वयात!

६ जून
भाऊजी धापा टाकत आले. पामेलाची दुर्बीण गळ्यात. 
"वहिनी — कड्याच्या कपारीत मादी आहे. आपला नर आत गेला, आणि... पिल्लू आहे गं! राखाडी, लोकरीच्या गुंड्याएवढं. बापाच्या चोचीत तोंड घालून खातंय!"