आईची वेगळी चूल

प्रिय हायेल,

फोनवर तू एकच गोष्ट विचारलीस, आणि मी 'आवाज तुटतोय, आवाज तुटतोय' म्हणत फोन ठेवून दिला. आवाज मुळीच तुटत नव्हता. काराकासमधला तुझा श्वाससुद्धा मला इथे ऐकू येत होता. आईच्या मयतीला शेखांनी रहमत म्हटली का, एवढंच तुला हवं होतं. हो किंवा नाही म्हणून भागलं असतं तर मी तेव्हाच म्हटलं असतं. भागणार नव्हतं, म्हणून लिहायला बसलेय. रिदा सुट्टी संपवून परत तिकडे निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देईन. पाकीट नीट डकवून देते, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि ते आपल्या घराला एकदा चांगलंच महाग पडलंय.

आधी इतर सगळं सांगते. मयतीला डोंगराखालच्या गावांतूनसुद्धा माणसं आली. कडू कॉफी उकळून उकळून माझे हात दुखले. आपल्यात मोठ्याने रडत नाहीत. रडायचं कशाला? कुडी म्हणजे सदरा, जुना उतरला की जीव त्याच घटकेला कुठेतरी जन्मलेल्या बाळाच्या अंगात शिरतो, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकलो. बायका मला तेच समजावत होत्या, 'नाइफा, कुठल्या तरी घरी मुलगी झाली असेल बघ, आत्ता ट्यां करत असेल तुझी आई.' मी मान हलवत होते. पण खरं सांगू? मला ती कुणाची मुलगी म्हणून नकोय. मला माझी आई हवी आहे, गुडघे चोळत बसून मला नावं ठेवणारी. गावात कोण बाळंत झालं याची मी चौकशीसुद्धा केलेली नाही.

बाबा गेले तेव्हा तू लहान होतास, पण तो दिवस तुला विसरता आला नसेल. बाबांसारखा दिलदार माणूस गावात नव्हता, आणि बाबांइतकी अरकची दारू पिणाराही नव्हता. शेख आले, ओळीने उभे राहिले, आपलं सांत्वन केलं आणि तो शब्द न उच्चारता निघून गेले. देव त्याच्यावर रहमत करो, एवढंच तर म्हणायचं असतं. पण आपल्या गावची रीत कडक. ज्याचं वागणं स्वच्छ आणि ज्याचा घास स्वच्छ, त्याच्यासाठीच जाणती मंडळी देवासमोर तोंड उघडतात. तू माझा हात ओढून विचारलंस, 'ताई, ते बाबांना काही बोललेच नाहीत?' शेवटचा पांढरा फेटा गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत आई दारात उभी होती. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती, आपल्या स्वतःच्या मयतीला तो शब्द. 'तुमच्या बाबांचं राहिलं ते राहिलं,' म्हणायची, 'माझं राहू द्यायचं नाही.'

तोवर तीही आपल्यासारखीच अजाण होती. गुरुवारी संध्याकाळी मजलिसीला जायचं, सुरुवातीचा उपदेश ऐकायचा, आणि ग्रंथ उघडायची वेळ झाली की आपल्या सगळ्यांबरोबर चपला शोधत बाहेर यायचं. मला जाणत्यांत घ्या म्हणून तिने विनवणी केली, तेव्हा त्यांनी तिला बराच काळ ताटकळत ठेवलं. तेवढ्यात ती माझ्याकडून अक्षरं शिकली, पन्नाशीची बाई, एकेका अक्षरावर बोट ठेवून. ज्या गुरुवारी बाकीचे उठले आणि तिला उठावं लागलं नाही, त्या दिवशी घरी येऊन ती नुसती हसत होती. ग्रंथांत काय आहे ते तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जे सगळ्यांना ठाऊक असतं ते मात्र ती तुला लहानपणीच सांगायची. जग आपल्याला द्रूझ म्हणतं, आपण ते नाव चालवून घेतो, पण आई स्वतःला एकेश्वरीच म्हणायची. हजार वर्षांपूर्वी कैरोत, खलिफा हाकिमच्या काळात हाक दिली गेली, की देव एक आहे आणि तो कुठल्याही रूपात, कुठल्याही शब्दात मावत नाही. ज्यांना पटलं त्यांनी करार लिहून दिला. मग छळ झाला, माणसं कापली गेली, आणि काही वर्षांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून नवा कुणी आत येत नाही, तेव्हाचेच जीव सदरे बदलत अजून फिरताहेत. तू विचारलं होतंस, 'पण मी कुठे सही केली?' आई म्हणाली, 'केली असशील कुठल्या तरी सदऱ्यात, आणि अक्षर तेव्हाही असंच घाणेरडं असणार.' बाबांना हसता हसता ठसका लागला होता. त्या सगळ्यात पहिली शिकवण जिभेच्या खरेपणाची. बाकी सगळं तिच्यानंतर.

आणि तू नेमका तिथेच घसरलास. भांडायला म्हणून लिहीत नाहीये, पण लिहायला तर हवं. तिला जाणत्यांत घेताना विचारलं गेलं, की बाई, भाकरी कुठून येते? तिने छाती पुढे काढून सांगितलं, 'माझा हायेल परदेशात कापड विकतो.' तूच तसं कळवलं होतंस. तुझ्या पैशांनी काळ्या दगडाचं हे दुमजली घर उभं राहिलं, आणि मी विधवा होऊन माघारी आले तेव्हा मला छप्पर मिळालं. मग एका उन्हाळ्यात रिदा सुट्टीवर आला. मत्तेचा तो कडू काढा आपला नेहमीसारखा फिरत होता, एकच नळी सगळ्यांच्या तोंडी. रिदा मांडीवर थाप मारून आईला म्हणाला, 'मावशी, तुमच्या हायेलचं दुकान म्हणजे काय दुकान आहे! अख्ख्या वस्तीची रम त्याच्याकडून जाते. शनिवारी रांग लागते, रांग!' नळी त्या वेळी आईच्याच हातात होती. तिने ती लिंबाच्या सालीने पुसली, शेजारणीला दिली आणि रिदाला विचारलं, 'तब्येतीने बरा आहे ना तो?'

दुसऱ्या दिवशी ती अंगणापलीकडच्या जुन्या खोलीत राहायला गेली. तिच्या वडिलांनी तिला दिलेला द्राक्षमळ्याचा तुकडा होता, त्याची काकवी करून विकायची, गव्हाच्या काड्यांची ताटं विणायची, आणि त्यातून येईल तेवढंच शिजवायची. म्हातारीने लेकाच्या अंगणात वेगळी चूल मांडली म्हटल्यावर गावाला चघळायला विषयच मिळाला. मी तिच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, 'बाबांची अरक भरून द्यायचीस तेव्हा नाही विटाळलीस ती!' तिने ऐकून घेतलं. म्हणाली, 'तो दारू विकतो ते त्याचं आणि देवाचं. पण मला कापड का म्हणाला? खरं सांगितलं असतं तर मी माझं पीठ तेव्हाच वेगळं ठेवलं असतं आणि त्याच्यासाठी रोज देवाशी भांडले असते. आता मी मजलिसीत खोटी ठरले.' आपण होऊन जाऊन तिने मजलिसीच्या शेख फंदींना सगळं सांगितलं. त्यांनी तिला दूर केलं नाही. इथून पुढे घास सांभाळ, एवढंच म्हणाले. तिने तो इतका सांभाळला, की माझ्या हातचा चहासुद्धा कधी घेतला नाही.

तू आलास त्या उन्हाळ्याचं मला अजून वाईट वाटतं. तू बकरे कापलेस, गावजेवण घातलंस. तिने तुझ्या दोन्ही डोळ्यांचे मुके घेतले, तुझ्या शेजारी येऊन बसली आणि फडक्यातून स्वतःची भाकरी काढली. तू भरल्या ताटावरून उठलास. 'माझी आईच मला वाळीत टाकते,' असं मला म्हणालास आणि त्यानंतर पुन्हा आला नाहीस. तू पाहिलं नाहीस, पण ती भाकरी तिनेही खाल्ली नव्हती. तशीच बांधून परत नेली.

या हिवाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं. गोळ्या तिने काकवीच्या पैशांतून आणवल्या, आणि ते पैसे संपले तेव्हा गोळ्याही संपल्या. तू पाठवलेल्या पैशांची इंजेक्शनं मी आणली होती, ती फ्रीजमध्ये तशीच पडून आहेत. मी पाया पडले तरी तिने दंड पुढे केला नाही. मयतीला शेख फंदी आले, त्यांच्यामागे सगळी जाणती मंडळी. ओळीने उभे राहिले. त्यांनी आपलं सांत्वन केलं, आणि मग गप्प झाले. हायेल, शब्द आला नाही. मी बायकांच्या घोळक्यातून त्यांच्या ओठांकडे बघत राहिले, पण नाही आला. जाताना शेख फंदी माझ्यापाशी थांबले. डोळे लाल होते त्यांचे. म्हणाले, 'पोरी, देवाला आमच्या साक्षीची गरज नाही, तो तिला ओळखतो. पण आम्ही साक्ष द्यायची तर ती खरी द्यायला हवी.' मला त्यांचा राग येतो, आणि तो धरूनही ठेवता येत नाही.

आता तू म्हणशील, की माझ्या दुकानाने आईचं तेवढंही घालवलं. रिदाने गावभर तेच केलंय आणि तिकडे येऊन तुलाही तेच सांगेल, म्हणून तो तोंड उघडायच्या आत तू हे पाकीट उघड. इतकी वर्षं तुझ्या दुकानाचा कणसुद्धा तिच्या पोटात गेला नव्हता. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी इकडे माझ्यापुरता मसूर घालून दलिया शिजवला होता, वर तळलेला कांदा. तिच्याकडे डोकावले तर म्हणाली, 'हायेलच्या घरचं ताट आण.' मला वाटलं, भ्रम झालाय. 'भ्रम नाही, आण. पुढच्या सदऱ्यात मी कुणाची तरी तान्ही असेन, तो रस्त्यात समोर आला तरी मला कळायचं नाही हा कोण. त्याची आई आहे तोवर त्याच्या घरचं जेवून घेते.' मी म्हटलं, 'अगं, आणि रहमत?' ती म्हणाली, 'सित्त वर्दा मला आंघोळ घालेल तेव्हा विचारेल. खोटं बोलायचं नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही. आणि त्याला तुझ्या हाताने लिहून कळव, नाहीतर आई माझ्या दारातून उपाशी गेली असं तो जन्मभर समजेल.' सित्त वर्दा म्हणजे तिची मजलिसीतली मैत्रीण. आंघोळ घालताना, शेखांना कळवायचं म्हणून तिने विचारलं, 'घास शेवटपर्यंत सांभाळला ना गं हिने?' खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि मी खरं ते सांगितलं. तुलाही तेच कळवतेय. मी ताट आणलं. तिला बसवत नव्हतं, पाठीला माझा खांदा दिला. ती जेवली, हायेल. मीठ कमी पडलंय म्हणाली, आणि आणखी वाढायला लावलं.

तुझीच,
नाइफाताई