मुदत संपली असं मी सांगितलं

बाई, तुम्ही गेलात त्याला वीसेक वर्षं झाली, आणि आज ऑफिस सुटल्यावर खिडकी लावून मी तुम्हाला लिहायला बसलेय. माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. बेंबळीच्या शाळेत सातवीच्या शिष्यवृत्तीला तुम्ही पाच मुली बसवल्यात आणि मला ऑफिसात बोलावून म्हणालात, "तू राहू दे. निकाल शंभर टक्के लागला पाहिजे." तुमच्या टेबलावर खडूचा डबा उघडा होता. रडू येऊ नये म्हणून मी त्याच्याकडंच बघत उभी होते. वर्ष संपताना तुम्ही तुमची स्वतःची कंपासपेटी माझ्या हातात ठेवलीत. का, ते काही बोलला नाहीत. मी ती एकदाही वापरली नाही, पण टाकलीही नाही.

आता मी लोहाऱ्याच्या तहसीलमध्ये दाखल्यांच्या खिडकीवर बसते आणि दर रविवारी जीपनं सास्तूरला जाऊन आठवीच्या मुलींची शिष्यवृत्तीची तयारी करून घेते. एक पैसा घेत नाही, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. गेल्या साली बसवलेल्या चारही मुली लागल्या. गावानं शाल-नारळ दिला, फोटो काढला. तिथंच बिघडलं. यंदा पाच मुली आहेत. पाचवी समजून घेणारी आहे, पण फार सावकाश. आकृत्यांच्या प्रश्नावर बोट ठेवून बसते आणि वेळ संपते तेव्हा तिचा निम्माच पेपर झालेला असतो. सराव परीक्षेत ती तिन्ही वेळा राहिली. गेल्या रविवारी अर्जाची कागदं गोळा करताना मी तिला म्हणाले, "तुझं राहिलं गं. मुदत संपली." मुदत संपलेली नव्हती. आज संध्याकाळपर्यंत होती. ही परीक्षा आठवीतच देता येते, आणि लागली तर बारावीपर्यंत दरवर्षी पैसे मिळतात, तिची शाळा सुटायची भीती नाही. तिच्या थोरल्या बहिणीची दहावीलाच सुटली. हे सगळं मला माहीत होतं.

आज अकरा वाजता ती आईबरोबर माझ्या खिडकीसमोर उभी. आईनं आधीच अर्ज केलेला उत्पन्नाचा दाखला न्यायला दोघी एसटीनं आलेल्या. आई म्हणते, "तारीख गेली म्हनं, ताई. असू द्या. दाखला न्हेऊन ठिवते, कदी लागला तर." पोरगी माझ्याकडं बघत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत हळूच विचारते, "बाई, बाकीच्यांचे अर्ज सरांनी काल भरले. मग माझीच तारीख कशी गेली?" रांगेतून कुणीतरी ओरडतं, "आवरा की ओ ताई." माझ्या हातातला शिक्का तसाच राहतो. मला तिची भीती वाटली, बाई. चौदा वर्षांच्या पोरीची.

आणि मी म्हणाले, "तारीख वाढलीय. आत्ताच कळलं." दाखल्याचा फोटो काढून तिच्या मुख्याध्यापकांना पाठवला, फोन केला, पुन्हा केला. ते तासावर होते, मग जेवायला गेले, मग साइट चालेना. दोघी बाहेर लिंबाखाली बसून राहिल्या. पावणेचारला अर्ज भरला गेला. आईनं खिडकीतून हात जोडले. "तुमच्यामुळं झालं, ताई. आमाला कुटलं ठावं असतंय." मी 'असू द्या' म्हणाले. पोरगी पुन्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

तुम्ही निदान कंपासपेटी दिलीत, बाई. मी आभार घेतले. रविवारी तिला बाजूला घेऊन खरं सांगायचं ठरवलंय, पण ते मला जमेल असं वाटत नाही. हा कागद त्या पेटीतच ठेवते, दुसरीकडं कुठं पाठवणार? आणि एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहिते. अर्ज भरल्याचा मेसेज आला, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हेच, की यंदा निकाल शंभर टक्के लागत नाही.