लूपमधल्या सिंधूताई

४ मे
आलो एकदाचा नागपूरला! मिहानमधली नोकरी, सोमलवाड्यात वरच्या मजल्यावर ऐसपैस खोली, आणि सीताबर्डीवर जुन्या सामानात सापडलेला लूप पेडल. विकणाऱ्या गाढवाला तो काय आहे हेच ठाऊक नव्हतं. पायाने दाबला की गिटारचे सूर टिपतो आणि फिरवून फिरवून ऐकवतो. आपण वर थर चढवत जायचं. बंद केला की सगळं पुसलं जातं. घरमालकीण सिंधूताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, काहून गा, सूरच लावून राहिला, गाणं कधी म्हणशील? अशांपुढे ॲम्बियंट, म्हणजे शब्दांविना नुसते तरंगते सूर, वाजवायचं म्हणजे शिक्षाच. पुण्यात निदान गप्प तरी बसतात.

७ मे
आज पेडलला माइकही जोडला, तर गल्लीतल्या कुत्र्याचं भुंकणं त्यातून लूपमध्ये शिरलं. राहू दिलं, थोडा एको चढवला, झकास लागलं. नंतर ते कुत्रं नुसतंच तोंड उघडत होतं, आवाज नाही. बरं झालं, या गल्लीत कुणीतरी गप्प बसलं. संध्याकाळी पेडल बंद केला.

८ मे
कुत्रं मेलं. काल मी पेडल बंद केला त्याच सुमारास कोसळलं म्हणे. सिंधूताई रडत होत्या. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी! ऊन लागलं असेल.

११ मे
बाई पुन्हा दारात. जेवला का गा, जेवला का गा! वैतागून माइक त्यांच्याकडे वळवला आणि पेडल दाबला. बाईंचा आवाज तिथेच बंद. ओठ हलताहेत, शब्द नाही. मला हसू आवरेना. लूपमध्ये मात्र मस्त फिरत होतं, जेवला का गा—
मग कुत्रं आठवलं. पेडल बंद करायच्या बटणावर गेलेला हात मागे घेतला.

१३ मे
पेडल चालूच. ऑफिसला गेलो नाही. डॉक्टर म्हणतो, बाईंचा घसा बसलाय. मूर्ख. आवाज सोडवायचा कसा? संतापून माइक छातीशी धरला आणि ओरडलो, परत दे त्यांचा आवाज! पाय पेडलवर होता—
माझाही आवाज गेला.

१४ मे
छातीवर हात ठेवला. काहीच नाही. धडधड पेडलमधून येतेय— भीती वाटते—

१५ मे
बाई वर आल्यात. स्वतःचा आवाज ऐकला त्यांनी— पेडलचा हा डबा बंद केला की तो सुटेल असं वाटतंय त्यांना— हात बटणाकडे— ओरडता येत नाही— इथेच मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतो—
सिंधूताई, पाया पडतो, बटण बंद करू न