उपाशीपोटीचा खरवस

धनगरवाडी, ता. वेल्हे
१५ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई साळूबाईंना पारूबाईचा रामराम.

दिवाळीत तुपानं भरलेली माझी चिनीमातीची बरणी उत्रोलीला नेलीत, ती परत द्यायची विसरलात. आता फोन कसा उचलायचा तेही विसरलात. माझा आवाज आला की ठेवून देता. म्हणून हे पत्र. शिवानी वाचून दाखवील, आपली आठवीतली नात, ठसक्यात वाचते. मी सांगते अन् तुमची लेक आरती लिहिते. "आत्याबाई, हेपण लिहू?" म्हणून दर घडीला विचारते. लिही म्हणलं, सगळं लिही.

हितं बरं आहे. भात झोडून झाला. म्हशीची रेडी उड्या मारते. थंडी लई.

आता पोरीचं. दिवाळीच्या सुट्टीला माझ्याकडं आली तेव्हा तिच्या मानेवरचा काळा पट्टा बघून मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू! म्हणलं, उत्रोलीला पोरीला धड न्हाऊसुद्धा घालत न्हाईत. डाळीचं पीठ लावून घासली, पोर रडली, पट्टा जागचा हलला न्हाई. तरी वाडीभर तुमचं नाव सांगत फिरले. मग आरती तिला वेल्ह्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा मळ न्हाई, हे आतून आलंय. वजन वाढलं, की अंग इन्सुलिनचं ऐकंना होतं अन् साखर रक्तातच रेंगाळते. मला आपलं एवढंच कळलं, की मेंढरं दारात दाटलीत अन् फाटक उघडंना झालंय. उद्या उपाशीपोटी रक्त द्या म्हणाल्या.

पुढचं तुमाला ठाऊक आहे. साखर, चरबी, इन्सुलिन, सगळ्या आकड्यांखाली लाल रेघा. आरतीनं फोनवर तुमाला नको नको ते ऐकवलं. "आई, तूच बिस्किटं घालून पोरीला फुगवलीस." सोमवारी ती भोरला शाळेचा दाखला काढायला निघालीय. पोरगी वेल्ह्याच्या शाळेत जाणार, माझ्यापाशी राहणार. मी गप्प बसले. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

साळूबाई, शाळेपायी वर्षभर पोर तुमच्या मांडीवर. माझ्याकडं सुट्टीपुरती. अन् सुट्टीतही तोंडात तुमीच. उत्रोलीची आजी अशी भाकरी थापते, उत्रोलीच्या आजीची कारळ्याची चटणी काय सांगू! त्या संध्याकाळी म्हैस व्याली होती. मी चीक उकडायला ठेवला, तर म्हणते, "उत्रोलीची आजी खरवसात केशर घालते." केशर! भाताच्या गावात!

सकाळी आरती आत लुगडं नेसत होती. एसटीला अवकाश होता. मी पोरीला चुलीमागं बोलावलं. म्हणाली, "आजी, उपाशी जायचंय ना?" म्हणलं, "देवाच्या उपासाला दूध चालतं, डॉक्टरच्या उपासाला का चालू नये?" गुळाच्या खरवसाच्या दोन वड्या खाल्ल्या तिनं. मग विचारलं, "आता सांग, कुणाचा चांगला?"

"तुझा," म्हणाली. तेवढ्यासाठी केलं हो मी.

आरती मघाशी पेन ठेवून गोठ्यात जाऊन आली. आता कागद फाटेल एवढं पेन दाबून लिहितेय. बोलली असती तर बरं होतं.

गप्पच राहिले असते मी. पण काल तुमच्याकडं फोन पोरीनं उचलला, तर हळूच म्हणते, "आजी, मी कुणाला काही सांगितलं न्हाई हां." तुमी बोलणी खाताय, तिची शाळा सुटतेय, मैत्रिणी सुटतायत, अन् ती तुमच्या घरात बसून माझी लाज राखतेय. मला वाटत होतं ती सगळी तुमचीच झाली.

मानेचा पट्टा दोन वड्यांनी आला न्हाई, तेही सांगते. तो तुमचा अन् माझा मिळून आहे. तुमी बिस्किटं चारली, मी तूप. पण आकडे खरे किती अन् खरवसाचे किती, ते परत रक्त काढल्याशिवाय कळायचं न्हाई. सोमवारी आरती दाखल्याला येणार न्हाई, आत्ता विचारलं तर मानेनंच हो म्हणाली. शनिवारी पोरीला परत रक्त द्यायला तुमीच न्या, पाण्याशिवाय काही देऊ नका. मी येत न्हाई. माझ्या हाताचा भरवसा न्हाई.

आकडे उतरावेत म्हणून भैरवनाथाला नारळ बोलले आहे. उतरले, की पोर तुमच्याकडंच राहील. मागताना मी दातओठ खात होते, ते त्यानं बघितलं असेल.

शिवानी, वाचता वाचता रडू नकोस. तू आता मोकळी.

तुमची, जळून जळून कोळसा झालेली विहीण,
पारूबाई
(अंगठा)

बरणी पाठवा. रिकामं भांडं परत करायची आपल्यात रीत न्हाई. खरवस नको, केशर तर न्हाईच. ती कारळ्याची चटणी भरा, काठोकाठ. मिरची घालताना हात आखडू नका, बघू तरी पोरगी कशावर भुललीय.